विंडोज १० चे अपडेट बंद झाले, आता गेमिंगसाठी लिनक्स की विंडोज ११? (जुना पीसी, धाकटा भाऊ आणि व्हॅलोरंट)

कंदीपेढा | शनिवार, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज स्वतःवर वेळ आली म्हणून धागा काढतोय. शेवटी काय केलं ते येऊन नक्की सांगेन, धागा काढून गायब होणाऱ्यांतला मी नाही.

घरचा पीसी २०१७ चा, साताऱ्यात जुळवून घेतलेला. आय५-७४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय (४ जीबी), २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. ही डिस्क सुरू होताना गिरणीत दळण लागल्यासारखा आवाज करते, पण चालते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून रोज स्क्रीनवर इशारा येतोय. विंडोज ११ घ्यायला गेलो तर उत्तर मिळतं की प्रोसेसर चालणार नाही. इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, आमचा सातवीतला. एका इयत्तेने नापास.

नवीन पीसी आत्ता शक्य नाही. रॅमचे भाव बघितलेत ना?

वापर असा:
मी – विचर ३, जीटीए ५ ची स्टोरी, शुक्रवारी रात्री हॉस्टेलच्या जुन्या पोरांबरोबर काउंटर-स्ट्राइक २.
धाकटा – व्हॅलोरंट, व्हॅलोरंट आणि व्हॅलोरंट. बारावीला आहे.
बाबा – दुकानाची टॅली. आणि रविवारी दुपारी माझ्याबरोबर ईएचं क्रिकेट ०७. हसू नका.

ऑफिसात एक जण म्हणाला, "लिनक्स टाक, आता सगळे गेम चालतात." दुसरा म्हणाला, "लिनक्सवर गेम? वेडा आहेस का?" कुणाचं ऐकू?

---

मिरची_ठेचा | शनिवार, रात्री १०:५८

रुफस या प्रोग्रॅमने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा, त्यात विंडोज ११ च्या अटी काढून टाकायची सोय आहे. टाका आणि मोकळे व्हा. माझ्या सहाव्या पिढीच्या पीसीवर दीड वर्ष झालं, काही होत नाही.

---

निद्रानाश | शनिवार, रात्री ११:२०

@मिरची_ठेचा, चालतं हे खरं. पण दरवर्षीचं मोठं व्हर्जन अशा मशीनवर आपोआप येत नाही, ते प्रत्येक वेळी हाताने टाकावं लागतं. आणि उद्या मायक्रोसॉफ्टने ती फट बुजवली तर कुणाकडे तक्रार करायची सोय नाही. घरात टॅली असताना मी तरी हा खेळ खेळणार नाही.

---

कोकणस्थ_कोडर | शनिवार, रात्री ११:३१

बारावीला आहे ना? मग लिनक्स टाका. व्हॅलोरंट चालत नाही. प्रश्न सुटला. 😁

---

अडकित्ता | रविवार, सकाळी ७:०५

धागाकर्ते, तुमची यादी नीट लिहिलीत म्हणून उत्तर देता येतंय. नाहीतर "लिनक्स चांगलं की विंडोज" हा प्रश्न "एसटी चांगली की रेल्वे" यासारखा आहे. जायचंय कुठे ते आधी सांगा.

तुमच्या ऑफिसातले दोघेही बरोबर आहेत, फक्त दोघांचं ज्ञान वेगवेगळ्या सालचं आहे.

वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. विंडोजचा प्रोग्रॅम विंडोजकडे जे जे मागतो ते ते लिनक्सकडून मिळवून द्यायचं, एवढंच त्याचं काम. आत नकली विंडोज बसवलेलं नसतं, मध्ये एक दुभाषी असतो. कित्येक वर्षं हा दुभाषी अडखळत बोलायचा. मग ऑगस्ट २०१८ मध्ये 'स्टीम' हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने त्याला तालीम देऊन 'प्रोटॉन' या नावाने थेट स्टीममध्ये आणलं. त्यातला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्सच्या (विंडोजवर गेमचं चित्र काढायची भाषा) जुन्या, म्हणजे ११ पर्यंतच्या आज्ञा लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलतो, आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन वेगळा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी आला, तो आर्च या लिनक्सवर बेतलेल्या स्टीमओएसवर चालतो. तो चालावा म्हणून व्हॅल्व्हने जी माणसं आणि पैसे लावले, त्याचं फळ सगळ्याच लिनक्सवाल्यांना मिळालं. डेक भारतात अधिकृतपणे विकलाही जात नाही, पण त्याच्यासाठी झालेली मेहनत साताऱ्यातल्या पीसीवर फुकट वापरता येते.

त्यामुळे एकट्याने खेळायच्या गेमचं म्हणाल तर मी आता चालेल का हे बघतसुद्धा नाही, विकत घेतो आणि लावतो. शंका असेल तर प्रोटॉनडीबीवर लोकांचे अनुभव वाचायचे. विचर ३, जीटीए ५ ची स्टोरी, दोन्ही निवांत चालतात.

घोडं पेंड खातं ते ऑनलाइनला. अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम, त्याचं गणित असं: ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या कंपन्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार करून दिलं. पण कडी आतून आहे, आणि ती काढायची की नाही हे प्रत्येक गेमवाला ठरवतो. एपेक्स लेजेंड्सने काढली होती, लोक डेकवर दोन-अडीच वर्षं खेळले, आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ईएने परत घातली. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले एका रात्रीत बाहेर. आदल्या दिवशीपर्यंत चालत होतं हो! फोर्टनाइट, पबजीची पीसी आवृत्ती, बॅटलफील्ड ६ ही नावं विसरा.

व्हॅलोरंटचं अँटी-चीट व्हॅनगार्ड तर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, कॉम्प्युटर सुरू होतानाच जाऊन बसतं. लिनक्सवर नाही, व्हर्च्युअल मशीनमध्ये नाही, कुठल्या युक्तीने नाही. यूट्यूबवर कुणी "१००% वर्किंग" म्हणून दाखवत असेल तर तो तुमचं अकाउंट घालवणार.

सीएस २ मात्र व्हॅल्व्हचंच, त्याची लिनक्सची आवृत्तीच आहे.

म्हणजे तुमच्या घरात मत एकाच्याच बाजूने अडतंय, धाकट्याच्या.

---

सह्यकडा | रविवार, सकाळी ७:४०

सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

---

खडूस_काका | रविवार, सकाळी ९:१२

अडकित्ता यांचा प्रतिसाद छान आहे, पण त्यांनी ग्राफिक्स कार्ड वाचलेलं दिसत नाही. १०५० टीआय म्हणजे एनव्हिडियाची जुनी पास्कल पिढी. इथेच खरी मेख आहे.

एक, डायरेक्टएक्स १२ चे गेम पास्कलवर व्हीकेडी३डीतून फार वाईट चालतात. विंडोजवर ४० फ्रेम मिळणारा गेम लिनक्सवर २५ वर आला तर आश्चर्य मानू नका. डायरेक्टएक्स ११ पर्यंत ठीक. विचर ३ ला डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर दोन्ही पर्याय आहेत, सुरू करताना ११ निवडा.

दोन, एनव्हिडियाने लिनक्ससाठी ९०० आणि १००० मालिकेला नव्या ड्रायव्हरमधून निरोप दिलाय. ५८० ही शेवटची शाखा. आर्चसारख्या, रोज नवं नेसणाऱ्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) एक दिवस अपडेट केलंत की समोर काळा पडदा. बॅझाइट या गेमिंगच्या डिस्ट्रोच्या डाउनलोड पानावर या कार्डांसाठी वेगळी निवड आहे, ती घ्या. नाहीतर सरळ लिनक्स मिंट.

नव्या एनव्हिडिया कार्डांवरही डायरेक्टएक्स १२ लिनक्सवर मागे पडतं. माझ्या ३०६० वर काही गेममध्ये १०-१५ टक्के जातात, काहींमध्ये काहीच नाही. एएमडीवाल्यांचं सुख वेगळं, त्यांचा ड्रायव्हर लिनक्सचं कर्नल आणि मेसा या ग्राफिक्सच्या भागामध्येच येतो, काही टाकावं लागत नाही. मी स्वतः घरच्या दुसऱ्या पीसीला मायनिंगमधून निवृत्त झालेलं आरएक्स ५८० लावलंय. पंखे बदलले, पेस्ट बदलली, दोन वर्षं तक्रार नाही. पण जुनं कार्ड घेताना समोर बसून अर्धा तास गेम चालवून बघा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तर नक्कीच.

---

अडकित्ता | रविवार, सकाळी ९:३०

खडूसकाका, मान्य. कार्डाकडे खरंच लक्ष गेलं नाही. माझं एएमडी आहे, आणि पोट भरलेल्याला भुकेची आठवण राहत नाही.

---

तात्या_टंकलेखक | रविवार, सकाळी १०:१५

जुन्या काळची आठवण आली. उबुंटू हे लिनक्स बनवणारे कॅनॉनिकलवाले २०११ पर्यंत त्याच्या सीड्या जगभर फुकट पाठवायचे. मी पाच मागवल्या होत्या. पोस्टमनने परदेशी पाकीट बघून आईला विचारलं, "मुलाची नोकरी लागली का बाहेर?" त्या उबुंटूवर मी फक्त एकच गेम खेळलो, तो पेंग्विन बर्फावरून घसरतो तो. आणि साउंड कार्ड चालवायला आठ दिवस घालवले. आजची पोरं सुखी आहेत.

अवांतर: फेडोरात आणि बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये दिसणाऱ्या लोहित फाँटवर रेड हॅटच्या पुण्याच्या मंडळींनी खूप काम केलंय. बॅझाइट फेडोरावर उभं आहे, तेव्हा तिथे मराठी वाचायला त्रास होणार नाही.

---

मिरची_ठेचा | रविवार, सकाळी ११:०२

लिनक्सवाल्यांचं एक कळत नाही. गेम चालला की लिनक्स महान, नाही चालला की गेम कंपनी नालायक. अहो, चीट करणारे पण लिनक्सवरून यायचे, ईएनेच सांगितलं होतं एपेक्स बंद करताना. सामान्य माणसाला रात्री नऊला लॉगिन करून साडेनऊला पहिली मॅच खेळायची असते. त्याला दुभाषी नको असतो.

---

निद्रानाश | रविवार, सकाळी ११:४४

काडी बरोबर जागी टाकलीत, पण मग कर्नलची दुसरी बाजूही बघा. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जवळजवळ ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली. हैदराबाद विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते, फोटो सगळीकडे फिरला. का झालं? कारण कर्नलमध्ये बसलेल्या ड्रायव्हरने गचका खाल्ला की अख्खी सिस्टीम त्याच्यासोबत खाली जाते. व्हॅनगार्ड त्याच मजल्यावर राहतं. एका गेमसाठी एवढी मोठी किल्ली द्यायची का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. आणि त्याच पीसीवर दुकानाचे हिशेब आहेत.

लिनक्सवर हे जमत नाही त्याचंही कारण साधं आहे. विंडोजचं कर्नल मायक्रोसॉफ्टच्या सहीने बंद केलेलं असतं, अँटी-चीटला त्यावर भरवसा ठेवता येतो. लिनक्सचं कर्नल कुणीही बदलून, पुन्हा बांधून वापरू शकतो. अँटी-चीटने विचारलं "सगळं ठीक?", तर बदललेलं कर्नल हसत "ठीक" म्हणेल. मोकळेपणाची किंमत आहे ती. यात कुणी नालायक नाही.

---

मिरची_ठेचा | रविवार, दुपारी १२:१०

हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट समजावून सांगितलं. बाकी मत कायम. 🙏

---

वऱ्हाडी_वारा | रविवार, दुपारी १:२५

भाऊ, दोन गोष्टी राहिल्या. मायक्रोसॉफ्टचा पीसी गेम पास घेत असाल तर लिनक्सवर त्याचं अ‍ॅप नाही, म्हणजे नाही. आणि ब्लूस्टॅक्ससारखं एम्युलेटर लावून बीजीएमआय खेळत असाल तर तेही नाही. बाकी कंट्रोलरचं टेन्शन घेऊ नका, प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सोनीनेच लिनक्स कर्नलमध्ये दिला आहे. जोडला का चालला.

---

एकटा_टायगर | रविवार, दुपारी २:०३

नाशिकहून. दिवाणखान्यात टीव्हीला बॅझाइटचा डबा जोडलाय, एएमडी कार्ड. पोरं कंट्रोलर घेऊन बसतात, त्यांना हे पीसी आहे हेच माहीत नाही. एकच खंत, टीव्ही ४के १२० हर्ट्झचा, पण एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरमधून एचडीएमआय २.१ मिळत नाही. एएमडीने तयार केलेलं काम एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारलं. डिस्प्लेपोर्ट असेल तर प्रश्न नाही, पण टीव्हीला डिस्प्लेपोर्ट कोण देतो?

---

सह्यकडा | रविवार, दुपारी ४:१८

धागाकर्ते, ड्युअल बूट (एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) करणार असाल तर माझी फजिती वाचून ठेवा.

मी हुशारी केली. म्हटलं ३०० जीबीचे गेम पुन्हा कशाला उतरवायचे, विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर आहेत तेच लिनक्सच्या स्टीमला दाखवतो. दिसले. 'प्ले' दाबलं की दोन सेकंद विचार करून परत 'प्ले'. एरर नाही, काही नाही. दोन रात्री गेल्या. प्रोटॉन बदल, ड्रायव्हर बदल, देवाला नारळ बोल. शेवटी कळलं ते असं: प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटा 'सी ड्राइव्ह' बनवतो आणि त्यात विसर्गासारखं ते चिन्ह असलेल्या नावाच्या लिंक ठेवतो. विंडोजला फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही. मी मध्येच विंडोजमध्ये गेलो, तिथे डिस्क तपासणी झाली, आणि तिने हा कचरा समजून साफ केला. तेव्हा लिनक्सच्या गेमसाठी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल पद्धतींचं वेगळं पार्टिशन, यात तडजोड नको.

शिवाय विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज बंद होत नाही, डुलकी घेतं, आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचायला मिळते.

शक्य असेल तर लिनक्सला स्वतंत्र एसएसडीच द्या, आणि ते टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. एका चुकीच्या क्लिकमध्ये टॅलीचा डेटा जाण्यापेक्षा स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला बरा. बॅकअप तर घ्याच, वडिलांना सांगू नका.

---

कंदीपेढा | रविवार, रात्री ९:५०

मंडळी, एवढं कुणी सख्ख्या माणसाला समजावत नाही. दंडवत.

टॅलीमुळे विंडोज घरातून जाणार नाही हे नक्की. निद्रानाश, क्राउडस्ट्राइकचं आजच जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या पोराचा गेम काढ." धाकटा दोन तास बोलत नव्हता.

विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात असं कुठेतरी वाचलं, ते खरं का?

---

निद्रानाश | रविवार, रात्री १०:०५

खरं. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तोवर बारावीही होईल.

---

कंदीपेढा | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३२

सांगितल्याप्रमाणे हजर.

५०० जीबीची एसएसडी आणली. विंडोजच्या दोन्ही डिस्कच्या केबल काढल्या (सह्यकडा, जय हो) आणि बॅझाइट टाकलं, खडूसकाकांनी सांगितलेली जुन्या एनव्हिडियाची निवड करून. टाकायला अर्धा तास, विचर ३ उतरायला रात्रभर. सकाळी ऑफिसला जाण्याआधी डायरेक्टएक्स ११ मध्ये लावलं. पहिल्यांदा शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार करत बसलं, मला वाटलं अडकलं. मग चालू झालं. मिडियम सेटिंगला विंडोजवर जेवढे फ्रेम होते साधारण तेवढेच. कुतूहल म्हणून डायरेक्टएक्स १२ लावून पाहिलं. काकांचा शब्द खरा. स्लाइड शो.

सीएस २ मात्र माझ्या मशीनवर विंडोजलाच जास्त गुळगुळीत वाटलं. लिनक्सवर चालतं, पण धूर आला की अडखळतं. शुक्रवारी पोरांसमोर इज्जतीचा प्रश्न असतो, म्हणून ते तिकडेच ठेवलं. धाकट्याचं व्हॅलोरंट विंडोज १० वर, वाढीव अपडेटची नोंदणी करून. परीक्षेपर्यंत विंडोजचा पासवर्ड बाबांकडे आहे. माझं एकट्याचं सगळं बॅझाइटवर.

एक गोंधळ झाला. लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. रात्री साडेअकराला पीसी म्हणतो संध्याकाळचे सहा. धाकटा आईला स्क्रीन दाखवून "अजून दिवेलागणच आहे" म्हणाला.

---

अडकित्ता | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:५०

हाहा, भारतातल्या प्रत्येक ड्युअल बूटवाल्याला हे साडेपाच तास भेटतात. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रिनिच वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगा, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम आहे, व्यक्तिगत निरोप पाठवतो. आणि क्रिकेट ०७ चं काय झालं?

---

कंदीपेढा | पुढचा रविवार, रात्री ८:१४

तेच सांगायचं राहिलं! लुट्रिस या लिनक्सवर गेम टाकायच्या अ‍ॅपमधून टाकलं, पहिल्या फटक्यात चाललं. नव्या खेळाडूंचा पॅच आधी चुकून वेगळ्या प्रीफिक्समध्ये (तो छोटा 'सी ड्राइव्ह') टाकला, त्यामुळे तासभर द्रविड कप्तान होता. बाबांना तेच आवडलं, पॅच नको म्हणाले.

आता एकच अडचण. माझ्याकडे कंट्रोलर आहे पण गेम त्याची बटणं वेडीवाकडी घेतो. कीबोर्डवर बाबा मला दर रविवारी हरवतात.

---

वऱ्हाडी_वारा | पुढचा रविवार, रात्री ८:४०

गेम स्टीममध्ये 'नॉन-स्टीम गेम' म्हणून जोडा आणि स्टीम इनपुटमध्ये कंट्रोलरच्या बटणांना कीबोर्डच्या कळा नेमून द्या. गेमला वाटेल तुम्ही कीबोर्डच दाबता आहात. यॉर्करची कळ खांद्यावरच्या बटणाला द्या, बाकी बाबा पाहून घेतील.